दिवसभर न हललेला ठिपका

भाजलेल्या रताळ्यावर लिंबू पिळल्याचा वास आला की कनॉट प्लेसचा तो नकाशा आठवतो. मोबाईलवरून माणसांचा वावर टिपणारा आमच्या पर्यटन खात्याचा अभ्यास मोठ्या साहेबांपुढे पडद्यावर झळकत होता. एक ठिपका रोज सकाळी आर. के. पुरममधल्या आम्ही राहतो त्याच ब्लॉकमधून निघे, कनॉट प्लेसच्या बागेतल्या एका बाकावर संध्याकाळपर्यंत बसे आणि फाटकाशी रताळीवाला असतो तिथे थांबून परते. "देखिए, कितना एन्जॉय कर रहा है!" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी दादा नेहमीसारखा गरम रताळी घेऊन आला. "गाझियाबादच्या ऑफिसात फार काम असतं का रे?" आईनं विचारलं. "बिल्कुल फुरसत नाही गं," तो म्हणाला. मी लिंबू पिळत राहिलो. दादा आता नाही. अहवालात मात्र तो अजून समाधानी पर्यटक आहे.