दातांच्या खुणा

देवरीत आमच्या शेजारी राहणारे काका लाकूड डेपोत कारकून आहेत. कुणाकडेही गेले की बसण्याआधी खुर्चीवर बोटानं टकटक करतात, "सागवान नाही हे," असं तोंडावर सांगतात आणि मगच टेकतात.

गोंदियाच्या दुकानदारानं शोभेचा मासा विकताना त्यांना सांगितलं, "ये लकड़ी खाती है." काका खूश झाले. आपल्याकडे लाकडाला काय तोटा? नवेगावच्या तलावाकाठचं एक जुनं मूळ त्यांनी उकळून काचेच्या टाकीत ठेवलं. मासा दिवसभर ते कुरतडायचा आणि तळाशी भुसा साचायचा.

मी एकदा म्हटलं, "काका, पोट खपाटीला गेलंय त्याचं."

"काऊन? दिवसभर खाऊनच तं राहिला ना तो!"

मासा मेल्यावर दुकानदारानं सांगितलं, की नुसत्या लाकडानं त्याचं भागत नाही, सोबत काकडी, दुधी द्यावी लागते.

टाकी आता माळ्यावर आहे. मूळ मात्र काकांनी टीव्हीशेजारी ठेवलंय. त्यावर ते टकटक करत नाहीत. दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहतात.

"किती खाल्लं पाहा ना बिचाऱ्यानं," म्हणतात, "अन् उपाशी मेला."