दोन हातांवर फोकस

जानेवारीचा शेवटचा दिवस, शनिवार, दुपारचे चार. भिलाई, सेक्टर दोनमधलं माझं क्वार्टर. हजर: मी, शेजारच्या काकू, त्यांचा मुलगा. गैरहजर: काका, तीन आठवड्यांपासून.

काका प्लांटमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. अलीकडे माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत, आठची पाळी मात्र राहायची. एका गुरुवारी ते डबा घेऊन निघाले आणि परत आले नाहीत. पोस्टरवर लावायला घरात एकच फोटो होता, निरोप समारंभातला.

"हारवाला नोको लावू," काकू मुलाला म्हणाल्या. "लोक समजतीन, गेला." मग माझ्याकडे वळल्या. "तू रस्त्यावरच्या लोकायचे फोटू काढतं ना? पाह्य बरं, त्यात आहे का आमचा माणूस."

दर रविवारी सकाळी पावणेआठला मी प्लांटच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी उभी राहते. नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. उन्हाकडे आपली पाठ हवी. समोरच्याचा चेहरा उजळतो आणि डोळे दिपल्यामुळे कॅमेरा त्याच्या ध्यानात येत नाही. फोकस आधीच दोन हातांवर, म्हणजे तेवढ्या अंतरावर, लावून ठेवायचा. कॅमेरा छातीशी धरायचा, डोळ्याला लावायचा नाही. चेहऱ्यांकडे बघायचं नाही, चौकटीच्या कडा सांभाळायच्या. नजरेला नजर भिडली की माणूस अवघडतो. आणि महिना संपेपर्यंत फोटो उघडायचे नाहीत, म्हणजे ते परक्या नजरेनं पाहता येतात. या शेवटच्या नियमाचा मला अभिमान होता.

आम्ही फोटो उघडले. काका बेपत्ता झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, धुक्यात, कडुनिंबाखाली ते उभे होते. हातात डब्याची पिशवी.

"ताई, ये तो बाद का है ना?" मुलगा म्हणाला.

दुसऱ्या रविवारी ते विजेच्या खांबापर्यंत आले होते. बाकी सगळे गेटकडे चाललेले, एकटे काका माझ्याकडे तोंड करून. तिसऱ्या रविवारी ते माझ्यापासून दोन हातांवर होते. आजूबाजूचे सगळे पुसट आणि काकांच्या दाढीचा एकेक केस स्पष्ट. पिशवी त्यांनी माझ्यापुढे धरली होती. माझी सावली त्यांच्या छातीपर्यंत चढली होती.

बटण मीच दाबलं होतं.

काकू रडल्या नाहीत. "तुले ओळखून राहिला होता तो. डब्बा देऊन राहिला. तू काय म्हटलं त्याले?"

"काही नाही, काकू. मला दिसलेच नाहीत."

"साऱ्या भिलाईचे फोटू काढतं अन् शेजारचा माणूस नाही दिसला? कावून?"

त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात तिन्ही फोटो दिले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कॅमेरा न घेता त्याच जागी उभी राहिले आणि येणारा प्रत्येक चेहरा पाहिला. काका आले नाहीत. सायकलवाल्याला विचारलं.

"वो डिब्बे वाले चाचा? हमें लगा आपके साथ हैं," तो म्हणाला. "आप फोटो खींचती थीं, वो आपके पीछे आकर खड़े हो जाते थे. आप जातीं, तब वो जाते. उधर, पटरी की तरफ."

मी मागे वळून पाहिलं. तिथे पाठीमागे भिंत होती, आणि भिंतीत आणि माझ्यात एक माणूस मावेल एवढी जागा.

मी आणि काकूंचा मुलगा रुळाच्या कडेनं भिलाई-३ स्टेशनापर्यंत विचारून आलो. पोस्टर छापलं, बिनहाराचं. तिसऱ्या फोटोतला नुसता चेहरा कापून घेतला. ते स्टेशनवर, बसस्टँडवर, नंदिनी नगरच्या नाक्यावर लावलं. या सगळ्या कामांपुढे वहीत खूण आहे.

आता रविवारी मी भिंतीला पाठ टेकून उभी राहते.

एका कामापुढे खूण नाही. पोस्टर पाहून काकू म्हणाल्या होत्या, "मले अख्खा फोटू पाह्यजे. डब्ब्यासकट." फाइल घेऊन मी दोनदा स्टुडिओत गेले आणि दोन्ही वेळा तशीच परत आले. चेहऱ्यापुरता कापला तर डबा जातो. डबा ठेवला तर माझी सावली येते.

वहीत लिहिलं आहे: काकूंना अख्खा फोटो देणे.