चुड्यावरचा पट्टा

आर्णीजवळच्या बंजारा तांड्यात भुरीबाईला कोणी भित्री म्हटलं असतं, तर लोक हसले असते. कपाशीत निघालेला साप तिने विळ्याने तोडलेला. पण लेकीने, राखीने, बीपीचं मशीन पाठवलं आणि बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टर म्हणाले होते, दिवसातून तीनदा घरीच मोजा, मग गोळीचं ठरवू. आकडा कधी एकशे नव्वद, कधी दीडशे, कधी नुसता एरर. तिची आई चुलीपुढे बसल्या बसल्या गेली होती. आता आपली पाळी, हे भुरीबाईने धरूनच ठेवलं होतं. मशीन हातात घेताच छाती धडधडायची, मग आकडा कसला खाली येतो!

राखी माहेरी आली आणि आईचं मोजणं पाहून तिने कपाळावर हात मारला. पट्टा दंडातल्या चुड्यावरूनच बांधलेला!

"याडी, हे काढून मोज ना वं! असं कसं बरोबर येईन?"

"काढू? अन् तुह्या बापाले काही झालं म्हंजे?"

लग्नात चढलेला चुडा नवरा गेल्यावरच उतरायचा, ही तांड्याची रीत. मरणाला भ्यालेली ही बाई त्या रीतीला त्याहून जास्त भीत होती.

बाजेवर सुपारी कातरत बसलेला तिचा नवरा रूपसिंग उठून आला. "मी जित्ता आहो ना समोर? आण हात." तेल लावून त्याने एकेक चुडा उतरवला. भुरीबाईने डोळे गच्च मिटून घेतले. उघड्या दंडावर पट्टा बसला. एकशे अठ्ठावीस.

"पाह्य! उगाच भिऊन राह्यली होती," रूपसिंग हसला. मग ऐटीत बाही वर सारून म्हणाला, "आता माहा घे. जवान पोराचा निघते का नाही पाह्य."

मशीन घुरघुरलं. राखीने पट्टा दुसऱ्या हाताला बांधला, थोडं थांबून पुन्हा पाहिलं. आकडा दोनशेच्या खाली यायला तयार नव्हता.

"काय आला वं?" रूपसिंगने विचारलं.

राखीने मशीन आईकडे फिरवलं. भुरीबाईला वाचता येत नव्हतं, पण एवढ्या दिवसांत आकडे तेवढे ओळखू यायला लागले होते. स्वतःच्या आकड्याने ती इतकी कधीच घाबरली नव्हती.

"राखी, स्कुटी काढ. दवाखान्यात."

"अवं, चुडा तं घाल आदी!" रूपसिंग म्हणाला.

"आदी तुमी बसा!"

आणि भरदिवसा, सगळ्या तांड्यादेखत, राखीच्या स्कुटीवर नवऱ्याला मागून उघड्या हातांनी घट्ट धरून भुरीबाई आर्णीला निघाली.