शकुनाचा लाडू आणि डोक्यातली तार

धुळ्याच्या डॉक्टरांनी मला पाण्याचा कप उचलायला लावला. निम्मं पाणी त्यांच्याच कागदांवर सांडलं. "बाई, हा पार्किन्सन्स आहे," ते म्हणाले. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. मग हात थरथरतो, अंग ताठरतं, चेहरासुद्धा हलेनासा होतो. इकडे अमळनेरात कुजबुज होती, शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंना गर्व चढला, हसत नाहीत!

गोळ्यांवर काही वर्षं बरी गेली. पुढे गोळीचा असर लवकर उतरू लागला. घास तोंडापर्यंत पोहोचेना. माझी थोरली नणंद, अक्का, सोनगीरहून येऊन राहिली आणि मला भरवू लागली. मला लाज वाटायची, रागही यायचा. मला नाचायचं-धावायचं नव्हतं, फक्त आपल्या हातानं जेवायचं होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी मुंबईला होणाऱ्या ऑपरेशनचं सांगितलं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तार बसवायची आणि छातीत कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीतून तिला हलकी वीज द्यायची. मी पासष्टी ओलांडलेली. डॉक्टर म्हणाले, "नुसतं वय बघत नाहीत. गोळी अजून लागू पडते का आणि डोकं शाबूत आहे का, ते बघतात." डोक्याबद्दल त्यांनी अक्काचं मत विचारलं नाही, हे माझं नशीब.

मुंबईत ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद केल्या. थरथर दिसली तरच तार नीट लागली का ते कळतं. सकाळी मी ताठ पडलेली, हात थडथडतोय. अक्कानं हळूच डबा उघडला. शुभकार्याला निघताना तोंड गोड करायचं, ही आमची रीत. मी म्हटलं, "उपाशी राहायचंय, काही घ्यायचं नाही."

"हाई काय गोळी शे का? लाडू शे! गोड तोंड करीसन जाय."

तिनं लाडू भरवला. तासाभरानं ऑपरेशनचे डॉक्टर आले, तर माझा हात बऱ्यापैकी शांत. ते चक्रावले. चौकशीत डबा निघाला. अक्कानं डिंक, गूळ, तूप सांगितलं आणि शेवटी खाजकुइलीचं बी, "ताकदसाठे". डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या बियांत गोळीतलंच औषध असतं! त्यात पोटही भरलेलं. ऑपरेशन पुढे ढकललं. अक्का दिवसभर कोपऱ्यात डोळे पुसत बसली.

म्हणून सांगते, घरचं चूर्ण, काढा, लाडू, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना आधी सांगा.

पुढच्या खेपेला अक्काचा डबा नर्सबाईंकडे जमा होता. डोक्याला धातूची चौकट बसवताना दुखलं. पुढचं बरंचसं मी जागेपणी अनुभवलं. कवटीला भोक पाडताना गिरणीसारखी घरघर झाली, पण मेंदूला दुखत नाही. "बाई, रिकामा कप तोंडाशी न्या," डॉक्टर म्हणाले. तारेतून वीज सोडली आणि कप सरळ ओठांना लागला. मला रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, "डोकं हलवू नका, रडा खुशाल."

आजार गेलेला नाही. बॅटरीची वीज कमी-जास्त करायला मुंबईच्या फेऱ्या झाल्या, गोळ्या कमी झाल्या तरी आहेतच. बोलणं पुटपुटल्यासारखं येतं, वळताना तोल जातो. पण वरण-बट्टी मी माझ्या हातानं कुस्करून खाते.

अक्काची सवय मात्र सुटली नाही. ताट वाढलं की पहिला घास तीच उचलते. मी तोंड उघडते. तो तिच्या हातचा. मग बाकीचं मी जेवते.