गावाचं नाव छापलं तेव्हा

शहरात जात विचारत नाहीत, हे अर्धं खोटं आहे. विचारतात. पण उत्तर न देताही माणसाचं चालतं. कामाला पगार मिळतो, दवाखाना चालत जाण्याइतका जवळ असतो. एवढी कारणं देऊन मी बाविसाव्या वर्षी लोकांना गाव सोडायला सांगत होतो. पत्रकं लिहीत होतो, स्टेशनबाहेर वाटत होतो. मला स्वतःला गाव आवडायचं, हे मात्र मी कुठल्याच पत्रकात छापलं नाही.

माझे वडील, आबा, अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात लेथवर होते. आमच्या क्वार्टरमागे दोन खाटा मावतील एवढी माती होती. तिथे त्यांनी वांगी, मिरच्या, घेवडा लावला होता. पहिली पाळी संपवून आले की चहाच्याही आधी ते तिकडे जात. शेजारचे साहेब, जातीनं आमच्यापेक्षा बरेच वरचे, कुंपणावरून वाटी पुढे करत. "आबा, चार मिरच्या द्या हो, आमटी खोळंबलीय." गावात या हातच्या मिरच्या कुणी घेतल्या असत्या? आबांना हवं तसं जगायला गावात नव्हे, कारखान्याच्या क्वार्टरमागे मिळालं, असं मी त्यांना सुनावायचो. ते म्हणायचे, "हो रे बाबा," आणि आळं करत राहायचे. रिटायर झालो की गावी जायचं, भावाशेजारी दोन खोल्या बांधायच्या, हे त्यांचं ठरलेलं होतं. स्वतःसाठी त्यांनी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

एकदा रजेवर गावी गेले असताना ते एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा प्यायले. आमच्या वस्तीतल्यांचे कप तिथे बाहेर, वळचणीला खिळ्यांवर टांगलेले असत. आबांनी त्यातलाच एक काढला, चहा पिऊन झाल्यावर स्वतः विसळला आणि परत टांगला. घरी आल्यावर जेवताना हे त्यांनी सहज सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर एका ताटलीत जेवणारा माणूस गावी जाऊन कप विसळतो?

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. संघटनेत आम्हाला शिकवलं होतं, पत्रकात पुरावा पाहिजे. ठिकाण सांगा, गाव सांगा, नाहीतर लोक म्हणतात कहाणी रचली. मी गावाचं नाव घातलं, हॉटेल कुठलं तेही घातलं. आबांचं नाव तेवढं गाळलं आणि स्वतःला फार शहाणा समजलो. गावाचं नाव इथे देत नाही. एकदा दिलं तेवढं पुरे.

छपाई उल्हासनगरच्या एका सिंधी प्रेसवाल्याकडे होती. त्याने मराठी मजकूर बोट ठेवून वाचला. "गांव का नाम पक्का डालना है?"

"पक्का. सच है तो डरना क्यों?"

"डरने का नहीं बोला, साईं. तुम लोगों को बोलता है गांव छोड़ो. हमको तो किसी ने पूछा भी नहीं. छूट गया. अभी नाम लेने को भी कोई नहीं बचा उधर." मग त्याने कागद किती हवा ते विचारलं.

मला वाटलं, म्हातारा रडगाणं लावतोय.

महिन्याभरात काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, गावाहून आले. आईने पाणी दिलं, त्यांनी ग्लास तसाच ठेवला. खिशातून घडी घातलेलं पत्रक काढून माझ्यासमोर टाकलं. "वाच की मोठ्यानं. स्टेशनावरनं कुणीतरी गावी नेलं, चावडीवर वाचलं त्यांनी. रजेवर कोण आलं होतं, ते सगळ्यांना ठावं हाय."

मी विचारलं, "यात खोटं काय आहे, काका?"

"खोटं कुठं म्हणलं मी? मी कसत होतो ती जमीन त्या हॉटेलवाल्याच्या घरची हाय. काढून घेतली त्यांनी. तू इथं लायटीखाली बसून लिवतोस. मला सकाळी उठून त्यांच्याच बांधावरनं जायचंय." मग ते आबांकडे वळले, आवाज उतरला. "दादा, तुम्ही आता घर बांधायचं काढू नका. तुम्ही आलात की त्यांना परत सगळं आठवंल."

आबा म्हणाले, "आधी जेवून घे."

मला वाटलं होतं, दार वरच्या जातीचे लोक बंद करतील. त्यांच्याशी भांडायची माझी तयारी होती. सख्ख्या भावाशी कसं भांडायचं? आणि तो बरोबर बोलत होता.

आबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं. मी आणि माझ्या धाकट्या भावाने बदलापूरला तिसऱ्या माळ्यावर ब्लॉक पाहिला. खिडकीतून भातशेती दिसायची. मी त्यांना सगळे फायदे सांगितले: स्टेशन जवळ, डॉक्टर जवळ, शिवाय समोर हिरवंगार. आबा ग्रिलला धरून उभे राहिले. "दिसतंय खरं," म्हणाले. बाल्कनीत त्यांनी डब्यात मिरची लावली. ती सुकडीच राहिली.

लावणीच्या दिवसांत ते एका दुपारी घरात नव्हते. शोधत गेलो तर समोरच्या खाचरात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाकलेले. शेत एका आगरी माणसाचं होतं. तो बांधावर उभा राहून हसत होता. "तुमचा बाप न विचारता उतरला. मी म्हनलं, कोन तुमी? म्हनतो, फॅक्टरीवाला. फॅक्टरीवाल्याचा हात असा चालत नाय."

परत येताना मला राहवलं नाही. "बघा, आबा. तुम्ही कोण, कुठले, त्याला काही पडलेली नाही. गावात असं कुणाच्या शेतात उतरता आलं असतं?"

"नसतं आलं."

"मग?"

"मग काय? तिथं मी कोण ते कुणी विचारलंही नसतं. सगळ्यांना माहीतच होतं."

माहीत होतं म्हणूनच तर तो कप बाहेर टांगलेला होता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी जिन्याखालच्या नळावर पायांचा चिखल धुतला आणि वर निघाले. प्रत्येक माळ्यावर थांबत होते. मी एक पायरी मागे. मला जे जे सुचत होतं, ते सगळं पत्रकातलं होतं.