विहिरीकडच्या तुकड्यात रोटाव्हेटर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे परभणीला जाऊन रोटाव्हेटर पसंत करणं. पसंत मी केला. ती बरोबर होती, एवढंच.

तिला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. लोखंड घ्यायला बायको कशाला, म्हणलो. पण वाटेत पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन होईल म्हणून ती सकाळीच लुगडं बदलून बसली होती. दर्शन झालं, मग दुकानात गेलो.

आमचा ट्रॅक्टर जुना, पस्तीस एचपीचा. मला ट्रॅक्टरमागं फिरून माती बारीक करणारा रोटा सहा फुटी पाहिजे होता, कारण शेजाऱ्यानं सहा फुटी घेतला होता. दुसरं कारण नव्हतं, आता लपवून काय करू. दुकानदार म्हणला, एवढा ह्याला ओढायचा नाही, पाच फुटी घ्या. मग गिअरचा घ्यावा का चेनचा, पाती किती, पाती मोडली तर कुठं मिळतील, असं तासभर चाललं. रानात काय आहे हे मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

ती रोट्याजवळ उकिडवी बसून खालून पाती बघत होती. तिथूनच तिनं दुकानदाराला विचारलं, "दादा, ह्यानं कुंद्याची काशी तुटती का सगळी वर येती?"

"मावशी, ह्याच्याखाली काय उरतंय? सगळ्याचा भुगा."

"भुगाच नको की. एक तुटली तर दहा व्हतेत."

तेव्हा मी दुकानदाराला म्हणलो, "हिच्या हिशोबानं खुरपं म्हंजीच ट्रॅक्टर हाय. ऱ्हाऊ द्या."

तो हसला. मीही हसलो. ती उठली, पदर झटकला आणि दारातल्या स्टुलावर जाऊन बसली. चहा आला तो घेतला नाही.

ज्याच्या रानात कुंदा नाही त्याला ती काय म्हणत होती ते कळायचं नाही. काळ्या रानातलं हे गवत. वरून कापलं तरी खाली बोटाएवढ्या जाड मुळ्या, म्हणजे काशा, हातभर पसरलेल्या असतात, आणि एकेका पेराला फूट निघते. नांगरानं ढेकळं उलटली की त्या उघड्या पडतात. मग मागून कोणीतरी वाकून एकेक वेचायची, बांधावर वाळवायची, जाळायची. आमच्याकडं ते कोणीतरी म्हणजे बाई. गडी ट्रॅक्टरवर. विहिरीकडचा दीड एकराचा तुकडा तिनं असाच साफ केला होता, किती उन्हाळे लागले ते मी मोजलं नाही. मी बांधावर उभा राहून, झालं का, म्हणून विचारायचो.

परत येताना मोटरसायकलवर ती मागून म्हणली, "घेतला ते बरं झालं. पण इहिरीकडच्या तुकड्यात घालू नका. आजून चार जागी कुंदा हाय. यंदा नांगरून द्या, मी येचून काढते."

मी "बघू" म्हणलो. हो म्हणायला काही लागत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती चूल पेटवता पेटवता छातीला हात लावून बसली. गाडी बोलावली. दवाखाना यायच्या आधीच संपलं होतं.

तेरावं झाल्यावर रोटा आला. घरात बसवत नव्हतं. येणारं माणूस तेच विचारायचं आणि मी तेच सांगायचो. त्यात एक खोटंही सांगायला लागलो, की रोटा तिनंच बघून घेतला, तिला लय आवडला होता. ऐकून लोकांचे डोळे भरायचे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पोराला उतरवून मी स्वतः ट्रॅक्टरवर बसलो. सगळ्या रानात रोटा फिरवला आणि शेवटी विहिरीकडच्या तुकड्यात घातला. विसरलो म्हणावं तर तसं नाही. धुऱ्यावर, बांधाशी ट्रॅक्टर थांबवला होता. मग मनात आलं, आता वेचणारी कोण आहे, आणि रोटा खाली सोडला. माती पिठासारखी झाली. चार जागचा कुंदा पात्यांनी तोडून दीड एकरात पेरला, हे तेव्हा दिसत नव्हतं.

पाऊस पडला, सोयाबीन उगवलं आणि त्याच्या आधी कुंदा वर आला. मी बियाण्याला नावं ठेवली, तणनाशकाला ठेवली, दुकानदाराला तर रोजच. काढणीला आलेल्या बायांनी तो तुकडा बघितला आणि हात लावायला नको म्हणल्या. शेवटी मी आणि सून कापत बसलो. गवतातून सोयाबीन शोधायचं होतं.

सून खाली बघूनच म्हणली, "मामा, आत्याबाई मला म्हणल्या व्हत्या, इथं रोटा घालू देऊ नको. तुमाला म्हणल्या न्हाईत का?"

न्हाई म्हणलो असतो तर तिनं मानलं असतं. विचारायला तिसरं कोणी राहिलं नव्हतं.

"म्हणली व्हती," मी म्हणलो. "दोनदा म्हणली. दुकानात म्हणली तवा मी हसलो तिला."

सुनेनं विळा थांबवला नाही. तशीच म्हणली, "मंग आता नांगरा. ओल हाय तवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोटा सोडून गोठ्यामागं उभा केला आणि भावकीतला नांगर मागून आणून ट्रॅक्टरला जोडला. पोरगं म्हणलं, आबा, बसा. मी म्हणलो, तू बस. एक घमेलं सुनेनं घेतलं, एक मी. रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबून बघायला लागले, म्हातारा बायकांच्या कामाला कसा लागला म्हणून. नांगराचं पहिलं तास उलटलं. मी वाकलो आणि ढेकूळ फोडून त्यातली काशी ओढली. ती अर्ध्यात तुटली. उरलेली काढायला मी खाली बसलो.