मडिवाळप्पांनी वाद सोडला

प्रमोदिनीबाईंनी नांदेडच्या एका शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रांना पत्रं लिहायला घेतली. महिन्यातून दोन-तीन तरी छापून यायचीच. अशा पत्रलेखकांचं आपल्याकडे वेगळंच गोत्र असतं. संपादक त्यांना भितात आणि घरचे त्यांना टाळतात. औशाचे निवृत्त मुख्याध्यापक अमृतराव यांनी असे चाळीस जण हुडकून व्हॉट्सॲपवर 'पत्रलेखक मंच' काढला. सकाळी सातला बातमी टाकायची आणि दुपारपर्यंत तिच्यावर भांडायचं, एवढाच मंचाचा कार्यक्रम. अकरा वर्षं झाली, पण बाईंनी त्यातल्या एकालाही समोरासमोर पाहिलेलं नव्हतं.

मंचावर त्यांचे हाडवैरी म्हणजे लातूरचे मडिवाळप्पा. बी-बियाण्यांचं दुकान, दहावी नापास, आणि वाचन असं की कोपऱ्यातली निविदासूचनासुद्धा सुटायची नाही. दोघांचं भांडण कशावरूनही पेटायचं, पण फिरून फिरून भोपळे चौकात तसं आयुक्तालयावर येऊन थांबायचं. नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला? यात एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. ज्याला वाटेल त्याने या दोन गावांतल्या कुठल्याही हॉटेलात बसून हा विषय काढून बघावा आणि धडधाकट बाहेर येऊन दाखवावं.

बाईंचे यजमान गेले तेव्हा मंचावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. अप्पांनीही एक टाकलं. मात्र चौदाव्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, 'बाई, मंगळवारच्या अग्रलेखावर तुमचं उत्तर यायचं राहिलंय.' बाईंना आधी संताप आला. मग त्यांनी चष्मा शोधला, दोन पानी उत्तर लिहिलं, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. हे त्या कोणाला बोलल्या नाहीत, पण विसरल्याही नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर अप्पांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. अमृतरावांनी लगेच अप्पांना वगळून वेगळा ग्रुप केला आणि फर्मान काढलं, 'अप्पांशी कोणी वाद घालायचा नाही. त्यांच्या मनाला त्रास नको.' झालं! अप्पांनी काहीही लिहिलं की खाली ओळीनं अंगठे. 'सरकारचं चुकलं' म्हणाले, अंगठे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम 'सरकारचंच बरोबर' म्हणाले, तरी अंगठे. चांगल्या चांगल्या माणसांनी मिळून एका जिवंत माणसाला हार घालून भिंतीवर टांगलं, आणि वर आपण आधार देतोय याचं समाधान मानलं.

एकट्या प्रमोदिनीबाई पूर्वीसारख्याच भांडत राहिल्या. अमृतरावांचा फोन आला, "बाई, माणूस मशीनवर आहे. थोडी दया करा."

"दया तुम्ही सगळे करताच आहात. त्यांना उत्तर द्यायला कोणीतरी नको का?" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग एका बुधवारी बाईंनी नांदेडच्या बाजूनं अकरा मुद्दे टाकले. दुपारपर्यंत उत्तर नाही. संध्याकाळी अप्पांची एकच ओळ आली, 'तुमचं बरोबर आहे बाई. आयुक्तालय नांदेडलाच होऊ द्या.'

मंचावर टाळ्या पडल्या, फुलं पडली. 'याला म्हणतात दिलदारी,' अमृतरावांनी लिहिलं. 'तुमचं बरोबर आहे' हे अप्पांकडून ऐकायला बाई अकरा वर्षं तरसल्या होत्या. आता ते वाचून त्या घाबरल्या. लातूरचा माणूस, त्यात मडिवाळप्पा, हे असं सहजासहजी म्हणणारच नाही.

सकाळी त्यांनी लातूरची एसटी धरली. पत्ता पाठ होता, कारण अप्पा पत्राखाली घर नंबरासकट पूर्ण पत्ता द्यायचे. दार अप्पांच्या पत्नीने, जगदेवींनी उघडलं.

"मी नांदेडहून आले. प्रमोदिनी."

"भांडणाऱ्या बाई?" जगदेवी हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलात अक्का. दोन खेपा झाल्या, मशीनला गेलेच न्हाईत. बास झालं म्हणतात. उद्याची बी नको म्हणून सांगितलंय. लेकीचं ऐकंनात, माझं ऐकंनात."

अप्पा खाटेवर पडून होते. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. "या बाई," ते म्हणाले. "जिंकलात तुम्ही."

तब्येत कशी आहे, हे बाईंनी विचारलंच नाही. खुर्ची ओढून त्या म्हणाल्या, "जिंकते कसली? येताना एसटीत विचार केला. माझंच चुकत होतं. आयुक्तालय लातूरलाच पाहिजे."

"काय?"

"लातूरलाच. धाराशिव तुम्हाला जवळ, बीडवाल्यांनाही सोयीचं."

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. "आणि हिंगोलीच्या माणसानं काय करावं? दोन एसट्या बदलून इथं मरायला यावं?"

"येईल की."

"येईल की म्हणं! भूगोल शिकवला का चेष्टा केली तेहतीस वर्षं?" अप्पा कोपरावर उठले. जगदेवींनी पाठीशी उशी सरकवली. "आन् पाणी? आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई. एवढं मोठं हापिस आणून त्या साहेबलोकांना काय पाजता? तुमच्याकडं गोदावरी हाय. लई सोपं करायलात तुम्ही!"

त्यांना धाप लागत होती. ते थांबायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा नांदेडची बाजू लावून धरायचे. आयुष्यात पहिल्यांदाच बाई न पटलेली बाजू मांडत होत्या, आणि जीव तोडून मांडत होत्या. जगदेवींनी आणलेला चहा दोघांच्याही पुढ्यात गार झाला.

परतीच्या एसटीची वेळ झाली तशा बाई उठल्या. "तुमचं मला अजिबात पटलेलं नाही, अप्पा. मंचावर लेखी द्या. उद्या सकाळी सातला वाट बघते."

"उद्या?" अप्पा वैतागून म्हणाले. "उद्या कुठं जमतंय? उद्या डायलिसिसला जायचं हाय, चार तास जातेत तिथं. परवा देतो. सविस्तर देतो."

जगदेवी कप उचलत होत्या. त्यांनी ते तसेच ठेवले आणि उद्या येतोय म्हणून सांगायला दवाखान्यात फोन लावला.